मागच्या रांगेला ऐकू न येणारी गिटार

या मित्रांनो, जवळ या. असे दाराशी घुटमळू नका. आत या, खुर्च्या ओढून घ्या आणि गुडघ्याला गुडघा लावून बसा. मोठ्याने बोलायची मला सवय नाही, आणि ह्या वयात ती लागणारही नाही. एक गोष्ट सांगते. तीत एक विहिरीत पडलेली मेंढी आहे, एक गॅरेजवाला आहे आणि एक आत्या आहे. ऐकाल ना नीट? मग सुरू करते.

मी एक जुनी गिटार आहे. क्लासिकल म्हणतात ती. माझ्या तारा नायलॉनच्या. मला मांडीवर घेऊन बसायचे आणि बोटांच्या नखांनी छेडायचे. मला पाहून लोक विचारतात, “हिला वायर कुठे जोडायची?” वायर! माझ्या धाकट्या चुलत बहिणीला वायर लागते, मला नाही. मला लागतो तो ऐकणारा माणूस, आणि तो मिळणे वायरीपेक्षा कठीण आहे, हे मी आयुष्यभर अनुभवले आहे.

आमच्या घराण्याला पहिल्यापासून एकच टोमणा ऐकावा लागला: आवाज लहान. माझी खापरपणजी तर खरोखरच चिमुकली होती. तिला तारांच्या चार जोड्या. तारा कसल्या, मेंढीच्या आतड्यांपासून पिळलेली तात. तिच्या मानेवरचे पडदेसुद्धा तातीचेच, गाठ मारून बांधलेले. हवा दमट झाली की तात सैल आणि कोरडी झाली की ताठ. वाजवणारा खुंट्या पिळून पिळून हैराण व्हायचा, आणि सूर लागला म्हणेपर्यंत ऐकायला आलेली मंडळी जेवायला निघून गेलेली असायची. पणजीला पाचवी जोडी मिळाली. तिचे अंग हाडा-शिंपल्यांनी इतके मढवलेले होते की आवाजाला बाहेर पडायला जागा उरली नव्हती. राजवाड्यात तिचे कौतुक, आणि न्हाव्याच्या दुकानातही तीच भिंतीला टांगलेली. आपला नंबर येईपर्यंत गिऱ्हाइकाने वाजवावी म्हणून. मोठी वाद्ये नाके मुरडायची. “हिला वाजवतात की खाजवतात?” म्हणायची.

मग जोड्या गेल्या आणि सहा सुट्या तारा आल्या. ही माझी आजी. सूर स्वच्छ झाले, बोटांना वाट मोकळी मिळाली. पण टोमणा तोच. शेवटी एका सुताराच्या मनाने घेतले. त्याने आमचे अंग मोठे केले आणि तारांखालची पुढची फळी, जिला तबली म्हणतात, ती पातळ तासली. इतकी पातळ की बोटाने टिचकी मारली तर ती शब्द बोलावी. एवढी पातळ फळी तारांचा ओढा सोसणार कशी? म्हणून त्याने आतून सात बारीक काड्या पंख्यासारख्या उलगडून चिकटवल्या. त्या काड्यांनी फळीला आधारही दिला आणि मोकळेही ठेवले. असे सांगतात की त्याने एकदा बाजू आणि पाठ पुठ्ठ्याची करून एक गिटार बनवली. सूर तबलीत असतो, बाकी सगळा डौल, हे दाखवायला. काही हट्टी वादकांनी मग आम्हांला उचलून थेट मोठ्या रंगमंचावर नेले.

आणि तात? एका मोठ्या युद्धात तातीचा सगळा दोरा जखमी शिपायांचे टाके घालायला गेला. त्याबद्दल मात्र मी कधी कुरकुर केली नाही. गाणे थांबून जखम शिवली जात असेल, तर गाण्याने थांबावे. पण आमची तोंडे बंद पडली, आणि त्यातूनच कोणाला तरी नायलॉन सुचले. असा आमचा इतिहास. पुस्तकात दीड पान मिळते. वाचत तेवढेही कोणी नाही.

असो. गाडी माझ्यावर आणते.

मला एका अरुंद गल्लीतल्या कारागिराने घडवले. तबली थंड डोंगरात संथ वाढलेल्या देवदाराच्या जातीच्या लाकडाची, पाठ शिसवाची. तो लाकूड कानाशी धरून टकटक करायचा आणि मान हलवून बाजूला ठेवायचा. त्याची बायको ओरडायची, “लाकडाशी बोलून झालं असेल तर माणसाशी बोला. चहा गार झाला!” सरसाच्या वासात, रंध्याच्या भुश्शात मी आकाराला आले. पहिल्यांदा तारा चढवल्या तेव्हा माझे अंग तंबोऱ्यासारखे घुमले. कारागीर म्हणाला, “हिचा आवाज खोलीभर पुरेल. मैदानाचं काम हिला कोणी सांगू नये.” ही ताकीद त्याने मोठ्या अक्षरांत माझ्या पाठीवर लिहायला हवी होती, असे मला पुढे फार वाटले.

मला घरी नेले ते आत्याने.

आत्या ही सगळ्यांचीच आत्या. भाचा तिला आत्या म्हणायचा, म्हणून शेजारी म्हणू लागले, आणि शेजारी म्हणतात म्हणून अख्खी वस्ती. ती टेलिफोनच्या कार्यालयात कामाला होती. त्या काळी बाई मध्ये बसून एकाची तार दुसऱ्याला जोडून द्यायची. एका खोलीत शेजारी शेजारी पुष्कळ बायका, म्हणून तिथला पहिला नियम: ओरडायचे नाही. तोंड यंत्राजवळ न्यायचे आणि हळू, स्पष्ट बोलायचे. सगळी नोकरी तिने तशीच बोलून काढली. घरातही तशीच बोलायची. भांडतानासुद्धा. तिच्याशी भांडायला आलेल्या माणसाला आधी तिच्याजवळ बसावे लागायचे, आणि बसले की निम्मे भांडण तिथेच संपायचे.

तिला नाद एकच, गाऊन निरूपण करण्याचा. वस्तीत एक लांबट प्रार्थनाघर होते. तिथे दर गुरुवारी संध्याकाळी ती व्यासपीठावर बसायची. डाव्या पायाखाली छोटे स्टूल, मांडीवर मी. आधी एक पद, मग गोष्ट, गोष्टीच्या पोटात दुसरी गोष्ट, मध्येच एखादी कोपरखळी, आणि मग परत पदावर. मित्रांनो, त्या संध्याकाळी मला वाटायचे, खापरपणजीपासून आमच्या सगळ्यांचे जे राहून गेले, ते मी एकटी भरून काढते आहे. तिचे नेहमीचे पद असे:

हळू जो बोलतो, त्यापाशी बसावे,
पाऊल देवाचे वाजेचिना.

किती गोड! आणि आता माझी चरफड ऐका. हे पद मागच्या रांगेपर्यंत कधी पोचलेच नाही.

का, ते सांगते. प्रार्थनाघराला दार एकच, मागच्या बाजूला. पंखे चालायचे तेही मागचेच. त्यामुळे येणारा प्रत्येक जण दाराजवळची खुर्ची पकडायचा. कोणाला दूध तापत ठेवून आल्याची काळजी, कोणाला मध्येच सटकायचे, कोणाला नुसताच पंखा हवा. पुढच्या रांगा रिकाम्या. खुर्च्या इतक्या कोऱ्या की त्यांच्यावरचे कारखान्याचे कागदही निघालेले नव्हते. आणि एवढ्या लांब बसून, हाताचा कानाला शिंपला करून, ही मंडळी म्हणायची, “आत्या, जरा मोठ्याने!”

जरा मोठ्याने! अहो, पाय आहेत ना तुम्हांला? मी किती वेळा मनात म्हटले. पण गिटारीच्या मनात काय आहे हे कोण विचारतो!

सगळ्यात मागे, भिंतीला खुर्ची टेकून, अगदी पंख्याखाली, अध्यक्षसाहेब बसायचे. प्रार्थनाघराचा कारभार त्यांच्याकडे. माणूस वाईट नव्हता, पण त्यांच्या पंख्याच्या वाऱ्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क नव्हता. एका गुरुवारी ते आत्याला म्हणाले, “आत्या, राग मानू नका. मागे काही ऐकू येत नाही. लोकांच्या तक्रारी आहेत.”

“कोणाच्या?”

“लोकांच्या. म्हणजे माझीच म्हणा. दुसऱ्या वस्तीतले एक गृहस्थ आहेत. कीबोर्ड आणतात, भोंगे आणतात. रस्त्यावरसुद्धा ऐकू येतं म्हणे.”

“रस्त्यावर कोण ऐकतं?”

“तो प्रश्न वेगळा. पुढच्या गुरुवारी बघू. मागच्या रांगेला ऐकू आलं तर तुमची जागा तुमचीच. नाहीतर...” पुढचे वाक्य त्यांनी पंख्याच्या वाऱ्यावर सोडून दिले.

त्या रात्री आत्या जेवली नाही. नोकरी संपलेली, घरात दुसरे कोणी नाही. तो गुरुवार म्हणजे तिचा आठवडा होता; बाकीचे दिवस नुसते त्याच्या वाटेवरचे थांबे. मला पुसताना ती पुटपुटली, “देवा, गळा दिलास तसा जरा ढोलही द्यायचास.”

ही बातमी भाच्याला लागली. भाचा म्हणजे आता मिशा पिकू लागलेला बाप्या, गॅरेज चालवणारा. आत्यावर त्याचा जीव. पण गॅरेजवाल्याचे प्रेम ते. पाना घेऊनच येते. एका दुपारी आत्या बाजारात गेली असताना तो आला, माझ्या नायलॉनच्या तारा उतरवल्या आणि पिशवीतून नव्या काढून चढवल्या. पोलादी! खुंट्या पिळता पिळता शीळ घालत होता. माझी मान मागून ओढल्यासारखी ताठली, घोडीखाली आग झाली. घोडी म्हणजे तबलीवर चिकटवलेली ती लाकडी पट्टी, जिला तारा बांधतात. नायलॉनच्या ओढीसाठी केलेले माझे अंग. पोलादाची ओढ जवळजवळ दुप्पट. मी कुरकुरले, करकरले. त्याला वाटले, नव्या तारा बसताहेत.

आत्या परत आली.

“आत्या, डोळे मीट.”

“मला झोप आलेली नाही.”

“मीट गं! आता हात लाव.”

तिने अंगठा फिरवला. सगळ्या खोलीत झणत्कार उठला. शेजारच्या खिडकीतून कोणीतरी डोकावलेसुद्धा.

“अरे, ह्या तर पोलादी!”

“मग! आता अध्यक्ष खुर्चीतून पडला पाहिजे.”

“तो पडेल रे. पण ही सोसेल का?”

“लाकूड आहे आत्या. लाकडाला काय होतंय?”

लाकडाला काय होतंय! मित्रांनो, हे वाक्य माझ्या छातीत अजून रुतलेले आहे. ज्या फळीला कारागिराने केसाकेसाने तासले, जिच्या पोटात सात काड्या श्वास धरून उभ्या, ती म्हणजे ‘लाकूड’!

आत्याला कळत नव्हते असे नाही. तिची बोटे थबकली होती. पण भाच्याचा चेहरा पाहिला, आणि खरे सांगू, तिलाही तो मोठा आवाज एकदा हवासा वाटला. माणूस आहे. म्हणाली, “बरं. गुरुवारपुरतं.”

गुरुवार यायला अवकाश होता, आणि तोवर रोज सराव. घोडीमागे माझे पोट फुगू लागले, पुढे खचू लागले. तारा मानेपासून उंच गेल्या, दाबताना आत्याची बोटे सोलवटली. सूर भरकटू लागले. मी प्रत्येक परीने सांगत होते. बेसूर होऊन सांगत होते, खरखरून सांगत होते. “नव्या आहेत, मुरतील,” भाचा म्हणायचा. लोणचं आहे का मी, मुरायला?

गुरुवार आला. पंख्याखाली अध्यक्ष, त्यांच्या आसपास झाडून सगळे. पुढच्या खुर्च्या रिकाम्या, कागदांसकट. आत्याने पद धरले. पोलादी आवाज मागच्या भिंतीपर्यंत गेला, आणि अध्यक्षांनी मान डोलावली. दाराशी उभ्या भाच्याने मिशीवर हात फिरवला. माझ्या आवाजाखाली पदाचे शब्द बुडाले, ते कोणाच्या लक्षात आले नाही. मग गोष्ट. एका धनगराची मेंढी कोरड्या विहिरीत पडते. धनगर वरून हाका मारतो, मेंढी खालून ओरडते, दोघेही घाबरलेले. आत्या रंगात आली. धनगर दोर बांधतो, काठावर वाकतो, आणि...

धाड!

घोडी माझ्या तबलीची कातडी घेऊन उखडली. तारा सापासारख्या उसळल्या. एक काडी आत मोडल्याचे मला ऐकू आले. बाकी सगळीकडे फक्त पंख्याची घरघर.

आत्या माझ्याकडे पाहत राहिली. मग तिने मला उराशी धरले आणि नुसत्या गळ्याने गोष्ट पुढे चालू केली. त्याच टेलिफोनच्या आवाजात.

मागे कुजबुज सुरू झाली. अध्यक्षांनी कानाला शिंपला केला. “आत्या, ऐकू येत नाही! काय करायचं?”

आत्या थांबली. त्या लांबलचक रिकाम्या रांगांकडे तिने पाहिले. मग उठली. मला वाटले, घरी निघाली. संपला गुरुवार. एका काखेत मोडकी मी, दुसऱ्या हातात पायाखालचे स्टूल. ती व्यासपीठ उतरली, कोऱ्या रांगा ओलांडत गेली आणि थेट अध्यक्षांच्या पुढ्यात स्टूल टेकवून त्यावर बसली.

अध्यक्ष गडबडले. “आत्या, हे काय? सांगणाऱ्याने व्यासपीठावर बसायचं असतं.”

“कोणी सांगितलं?”

“पहिल्यापासून तसंच आहे.”

“तुम्ही पुढे येत नाही. मग मी मागे आले. एवढं सोपं मला इतकी वर्षं सुचलं नाही बघा.”

“पण शिस्त म्हणून काही...”

शिवणकाम करणाऱ्या एक मावशी तिथे बसल्या होत्या. त्या उसळून म्हणाल्या, “अहो, शिस्त राहू द्या बाजूला! मेंढी विहिरीत आहे अजून. आत्या, तुम्ही सांगा. निघाली का ती?”

आत्या हसली. माझ्या पाठीवर तिने बोटांनी ठेका धरला आणि सांगू लागली. दोर पुरत नाही म्हणून धनगर स्वतः विहिरीत उतरतो, मेंढीला खांद्यावर घेतो, आणि मग दोघे मिळून वरून जाणाऱ्या माणसांना हाका मारतात, आणि ती दोघांनाही वर ओढून घेतात. पुढचे पद म्हणताना तिचा आवाज नेहमीपेक्षा तसूभरही मोठा नव्हता. खुर्च्या मात्र सरकत होत्या, तिच्याभोवती गोल होत होता. भाचा जमिनीवरच येऊन बसला. अध्यक्षांनी मध्येच उठून पंखा बंद केला. घरघर आड येत होती म्हणे! इतक्या वर्षांनी सापडली त्यांना ती घरघर.

तिचा गुरुवार तिचाच राहिला.

मला भाच्याने दुसऱ्याच दिवशी त्या गल्लीत नेले. कारागीर नव्हता, त्याची सून दुकान चालवत होती. मला पाहून तिने कपाळावर हात मारला.

“कोणी लावल्या ह्या तारा?”

“मी. म्हणजे, जोर यावा म्हणून.”

“तुमचा धंदा काय?”

“गॅरेज.”

“स्कूटरला ट्रकचं इंजिन लावता?”

“एकदा लावलं होतं.”

“मग?”

“स्कूटर गेली. मी वाचलो.”

तिने हसू दाबले आणि मला आत नेले. काडी बदलली, घोडी नव्याने सरसाने चिकटवली, नायलॉन चढवले. पोटाचा फुगवटा मात्र पुरता गेला नाही. तो घेऊन मी पुढे पुष्कळ वर्षे आत्याच्या मांडीवर बसले, दाराशी, माणसांच्या घोळक्यात. ती वर्षे चांगली होती. थोडक्यात सांगते, कारण चांगल्या वर्षांना फार शब्द लागत नाहीत.

मग आत्या गेली. आणि काय झाले ते ऐका, म्हणजे माझी चिडचिड तुम्हांला कळेल. माझा मोठा सन्मान करण्यात आला! व्यासपीठामागच्या भिंतीत काचेचे कपाट करून मला त्यात उभे केले. खाली पाटी: ‘पूज्य आत्यांची गिटार. हात लावू नये.’ हार घातला, भाषण झाले, कुलूप लागले. व्यासपीठावर आता ते कीबोर्डवाले गृहस्थ बसतात. दोन्ही बाजूंना भोंगे. आवाज एवढा की पुढे बसवत नाही, म्हणून सगळे पुन्हा दाराशी बसतात. पुढच्या खुर्च्या पुन्हा रिकाम्या. मी काचेतून हे बघते आणि माझ्या खुंट्या तापतात. तिने काय केले ते ज्यांनी डोळ्यांनी पाहिले, त्यांनीच तिची गिटार कपाटात घातली आणि तिची जागा उचलून पुन्हा लांब नेऊन ठेवली.

मित्रांनो, वाद्य काचेत टिकत नाही. कोरड्या हवेत लाकूड तडकते, सरस सुटतो, आणि न छेडलेली तबली हळूहळू बोलायचे विसरते. तुमच्या घरात एखादे वाद्य असेल तर त्याची पूजा करू नका, त्याला वाजवा. त्याला जे झेपते तेच त्याच्याकडून मागा. गिटारीकडून ढोल मागू नका, आणि माणसाकडूनही नको. माझे काय व्हायचे ते होवो. तुम्हांला हे कपाट उघडता आले नाही तरी माझी तक्रार नाही. आता तक्रारीचाही कंटाळा आलाय.

फक्त एक करा. कधीतरी कोणी म्हातारे माणूस, एखादी लाजरी मुलगी, आजारी शेजारी तुमच्याशी हळू काहीतरी बोलू लागेल, आणि “जरा मोठ्याने” हे शब्द तुमच्या अगदी जिभेवर येतील. तेव्हा ते गिळा, माझ्या आत्याची आठवण काढा, आणि आपली खुर्ची उचला.